मुणगेकरांची परत बोलावलेली गाडी

फोनवरच्या माणसाने ओटीपी मागितला नाही, तेव्हाच हर्षवर्धन मुणगेकरांनी ओळखलं की हा साधासुधा भामटा नाही.

साधा भामटा कसा असतो ते त्यांना पाठ होतं. तो आधी 'सर, सर' करतो, मग खातं बंद पडणार म्हणून घाबरवतो, मग आकडे विचारतो. आपण दोन शिव्या हासडल्या की तोही दोन हासडतो आणि विषय मिटतो. हा मात्र भलताच सभ्य निघाला. "सर, तुमची गाडी रिकॉलमध्ये आली आहे," तो म्हणाला. "पेट्रोलच्या पंपाचा एक पार्ट कंपनी बदलून देणार आहे. चार्ज काही नाही. गाडी कधी आणताय?"

"चार्ज का नाही?" मुणगेकरांनी दरडावून विचारलं.

"सर, चूक कंपनीचीच आहे ना."

इथे मुणगेकर खाटेवर बसलेच. आपली चूक आहे असं आपण होऊन सांगणारी कंपनी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कंपनीचं सोडा, ते राहतात त्या फणसवाडीतल्या भिकोबा मॅन्शनमध्ये आजवर एकाही माणसाने 'माझं चुकलं' म्हटल्याचं कोणाला आठवत नाही. तिसऱ्या मजल्यावरून ओलं पायपुसणं कोणाच्या टाळक्यावर पडलं, तर त्याने टाळकं भलत्या जागी आणलं असं ठरतं. तेव्हा मुणगेकर म्हणाले, "बघतो, कळवतो," आणि तो नंबर त्यांनी 'चोर रिकॉल' या नावाने सेव्ह केला. त्यांच्या मोबाइलमध्ये चोर या आडनावाची बरीच मंडळी होती. त्यात बायकोचा चुलत भाऊ आनंदाही होता.

आता माणूस इतका संशयी का, असं तुम्ही विचाराल. तर मुणगेकर दादरच्या एका सहकारी बँकेत चेकवरच्या सह्या तपासतात. खातेदाराच्या वेलांटीचा बाक बदलला की चेक बाजूला काढायचा, हीच त्यांची रोजीरोटी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या हातावर संशय घेतल्यावर घरी येताना ते डोळे काही बँकेत खुंटीला टांगून येत नाहीत. एकदा त्यांच्या बायकोने, रश्मीवहिनींनी, चिठ्ठी लिहून ठेवली, 'भात कुकरात आहे.' मुणगेकरांनी ती उजेडाकडे धरली आणि संध्याकाळी विचारलं, "हे तूच लिहिलंस का?" भात मात्र त्यांनी खाल्ला होता.

त्यात विषय गाडीचा होता, आणि गाडीचा म्हणजे जागेचा.

गिरगावात गाडी घेणं सोपं आहे, ती उभी कुठे करायची हाच खरा प्रश्न. भिकोबा मॅन्शनच्या अंगणात, झाकलेली विहीर आणि तळमजल्यावरच्या कमळाबाईंची खिडकी यांच्यामध्ये एक गाडी मावेल एवढी जमीन आहे. एकच गाडी, तीही छोटी. मुणगेकरांनी ती जागा पटकावली आणि तेव्हापासून वाडीतली निम्मी माणसं त्यांच्याशी गोड बोलू लागली आणि निम्मी बोलेनाशी झाली. शेवटी भांडणं वाढली तेव्हा वाडीचे सेक्रेटरी नाना यांनी नियम केला: गाडी रात्रभर जागेवर दिसली नाही, तर सकाळी ती जागा पुढच्या नंबरवाल्याची. त्यामुळे मुणगेकर कुटुंब गावाला एसटीने जातं. का, तर त्यांच्याकडे गाडी आहे. दसऱ्याला तिला हार, रविवारी बॅटरी मरू नये म्हणून जागच्या जागी दहा मिनिटं घुर्रघुर्र, आणि क्वचित सासुरवाडीला दादरपर्यंत जाऊन अंधार पडायच्या आत परत. गाडी मुणगेकरांना कुठे नेत नव्हती. ती तिथे उभी होती, म्हणून मुणगेकर वाडीत ताठ उभे होते.

आणि पुढचा नंबर राजेशचा होता. राजेशचं कोपऱ्यावर लग्नपत्रिका छापायचं दुकान. त्याने नुकतीच एक धिप्पाड, उंच गाडी घेतली होती आणि ती बिचारी चर्नी रोडजवळच्या पे-पार्किंगमध्ये दिवस काढत होती. सांगा आता, अशा वेळी नेमका मुणगेकरांनाच फोन यावा, की गाडी घेऊन या, फुकट आहे? राजेशचा साडू कुठल्याशा शोरूममध्ये कामाला आहे, हेही मुणगेकरांना ठाऊक होतं. दोन अधिक दोन करायला सहकारी बँकेतला माणूस कमी पडतो होय!

शिवाय राजेशवर आधीचा एक आरोप होताच. गेले काही महिने गाडी जागची न हलता तिच्यातलं पेट्रोल कमी होत होतं. मुणगेकरांना त्याचा एकच अर्थ दिसला, चोरी. मग त्यांनी बँकेच्या पद्धतीने टाकीच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर आडवी सही ठोकली. पुढच्या रविवारी पाहतात तर पट्टी जशीच्या तशी आणि काटा खाली. दुसऱ्या कोणी डोकं खाजवलं असतं. मुणगेकरांनी भिंग आणलं, पट्टी उन्हात धरली आणि निकाल दिला, "रश्मी, ही माझी सही नव्हे. 'ह'चा शेपटा बघ!" म्हणजे चोर पट्टी काढतो, पेट्रोल काढतो, नवी पट्टी लावतो आणि वर मुणगेकरांची सही करतो. अक्षराशी खेळणारा असा माणूस वाडीत एकच, लग्नपत्रिकावाला राजेश.

"अहो, इतकी चांगली सही करणारा माणूस पेट्रोल कशाला चोरेल?" रश्मीवहिनी म्हणाल्या. "तो सरळ तुमच्या बँकेत नाही का जाणार?"

पण बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

तर फोन ठेवल्यावर मुणगेकरांनी गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या रश्मीवहिनींना विचारलं, "रिकॉल म्हणजे काय गं नक्की?"

"परत बोलावणं," त्या म्हणाल्या. "का? कंपनीने गाडी परत बोलावलीय की काय?"

गॅलरीत बोललेलं वाक्य भिकोबा मॅन्शनमध्ये आपल्यापुरतं राहत नाही. वाक्य खाली उतरलं आणि कमळाबाईंच्या खिडकीतून आत गेलं. कमळाबाई मूळच्या मालवणकडच्या. इतक्या वर्षांच्या गिरगावात त्यांचं मालवणी अर्धंमुर्धं विरघळलं होतं, पण उत्सुकता किंवा राग अनावर झाला की सगळंच्या सगळं वर येई. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय रे हर्षा, गाडयेक परत बोलावल्यान? कित्याक? हय काय कमी पडला तिका?"

"तसं नाही हो, काकू..."

"चांगली नांदत होती मगो! माहेरच्यांनी परत न्हेली म्हणजे काय तरी कारण असतलाच." आणि त्या खिडकीतून आत गेल्या, त्या सरळ पलीकडच्या दारातून बाहेर पडल्या. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, मुणगेकरांची गाडी कंपनीने परत बोलावली. आता सून परत बोलावली तर कारणं शंभर असतील. गाडी परत बोलावली तर मुंबईत कारण एकच असतं. राजेश दुकान बंद करून येताना मुद्दाम थांबला. "हर्षाभाऊ, हप्त्यांचं काय असेल तर बिनधास बोल हां. टाइम सगळ्यांवर येतो," असं तो म्हणाला आणि म्हणताना त्याने मुणगेकरांच्या चेहऱ्याकडे न बघता गाडीच्या खालच्या जमिनीकडे बघितलं.

मुणगेकरांच्या मस्तकाची शीर तडतडली. गाडीचा शेवटचा हप्ता त्यांनी केव्हाच फेडला होता आणि त्या आनंदात वाडीला पेढेही वाटले होते. ते पेढे खाल्लेली तोंडं आता हे बोलत होती! दुसऱ्या दिवशी बँकेत अर्धी रजा टाकून ते परळला निघाले. गाडी न घेता. आधी ती कंपनी खरी आहे का, ते बघायचं होतं.

सर्व्हिस सेंटर खरं निघालं. एका जुन्या गिरणीच्या जागी उठलेल्या टॉवरच्या पायाशी ते होतं. काउंटरवर मेघना नावाची मुलगी होती. गळ्यात फोटोवालं कार्ड होतं. मुणगेकरांनी फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, मग गाडीचा नंबर दिला. तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "हो सर, तुमची गाडी आहे यात. पंपावरच्या प्लास्टिकच्या झाकणाला बारीक चीर पडते. पेट्रोल हळूहळू झिरपतं. घरी वास वगैरे येतो का?"

वास येत होता. कमळाबाई कधीपासून 'घासलेटाचो वास येता' म्हणून कुरकुरत होत्या आणि मुणगेकरांनी तो चोराच्या नळीतून सांडलेल्या पेट्रोलचा वास म्हणून पुराव्यात जमा केला होता.

"झिरपून झिरपून पेट्रोल कमी होऊ शकतं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"होऊ शकतं ना सर."

म्हणजे चोर नव्हता. चोर नव्हता म्हणजे पट्टी कोणी बदलली नव्हती. पट्टी बदलली नव्हती म्हणजे ती सही त्यांचीच होती! जन्म सह्या ओळखण्यात घालवलेल्या माणसाने स्वतःची सही खोटी ठरवली होती. मुणगेकरांना भर एसीत घाम फुटला. मेघनाला वाटलं साहेब आगीला घाबरले, म्हणून तिने पाणी मागवलं. पाण्यावरून मुणगेकरांना मूळ मुद्दा आठवला.

"आग लागेल का?"

"सर, आम्ही तो शब्द वापरत नाही."

"मग कुठला वापरता?"

"अनपेक्षित घटना," ती म्हणाली, आणि तिच्या प्रामाणिक चेहऱ्यामुळे ते आगीपेक्षा भयंकर वाटलं. "पार्ट बदलेपर्यंत दिवा, गॅस, सिगारेट असं काही गाडीजवळ नको. शक्यतो आजच आणा. चालवू नका, आम्ही टो-व्हॅन पाठवू. फक्त गाडी एक रात्र आमच्याकडे राहील. रांग आहे."

एक रात्र! बाकी सगळं मुणगेकरांनी सोसलं असतं. "रात्री आणून सोडता नाही येणार?" "नाही सर." "मी इथे बसून राहतो. पहाटे करून द्या." "सर, तुम्हाला बसता येणार नाही." मुणगेकरांनी तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे फणसवाडीतल्या राजेश नावाच्या माणसाचा साडू काम करतो का?" मेघनाने पाणी पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं.

घरी आल्यावर त्यांनी दार लावून, रेडिओ मोठा करून रश्मीवहिनींना सगळं सांगितलं. वहिनी उभ्याच राहिल्या. "अहो, मग पाठवा ना आजच्या आज! त्या टाकीपासून कमळाकाकूंची खिडकी हातभरही लांब नाही. खिडकीत देव आहेत. दोन्ही वेळा समई लागते."

"शनिवारपर्यंत थांब. आनंदाला सांगितलंय. शनिवारी तो त्याची गाडी आणून जागेवर लावेल, मग आपली पाठवू. जागा रिकामी राहता कामा नये."

"आगीला कळवलंय का शनिवारचं?"

"हळू बोल! कोणाला कळलं तर संपलं. लाकडी जिना, लाकडी गॅलऱ्या. नाना म्हणतील, उचला ही गाडी, परत आणायची नाही. जागा कायमची गेली."

"जागा मोठी की कमळाकाकू?"

सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. मुणगेकरांनी याचं उत्तर लगेच दिलं नाही. ते तसे वाईट गृहस्थ नव्हेत. कमळाकाकूंना न्युमोनिया झाला तेव्हा दवाखान्याच्या खेपा त्यांनीच घातल्या होत्या. पण त्या दिवशी त्यांना विचार करावा लागला, आणि विचार करून ते म्हणाले, "मी बघतो ना, समईचं काहीतरी करतो."

मग मुणगेकरांनी जे काही केलं, त्याला त्यांच्या मते खबरदारी म्हणतात. त्यांनी भुलेश्वरहून विजेवर चालणारी समई आणली, पाच लुकलुकत्या वाती असलेली, आणि ती कमळाबाईंना भेट दिली. "काकू, ही लावा. तेल नको, काजळी नको. आणि गॅसची शेगडी जरा आतल्या भिंतीला घेतलीत तर? मी येतो सरकवायला." कमळाबाईंनी समईकडे पाहिलं, मग मुणगेकरांकडे. या माणसाने आजवर त्यांना दिवाळीत चार चकल्या दिल्या होत्या, त्याही मोजून. त्यांचा चेहरा हळूहळू लांब झाला.

विहिरीच्या कठड्यावर गिरणीतले जुने कामगार कुशाबा रोज बिडी ओढत बसत. मुणगेकरांनी त्यांच्या तोंडातली पेटलेली बिडी अक्षरशः काढून घेतली आणि हातात आलेपाकाची वडी ठेवली. "तब्येतीला जपा, कुशाबा." कुशाबा आलेपाक चघळत बराच वेळ विचार करत राहिले. मग मुणगेकर कोपऱ्यावर नवा टॉवर उठतोय तिथे गेले, वॉचमनशी गोड बोलले आणि दोन बादल्या रेती आणून गाडीच्या मागे, जुन्या चादरीखाली ठेवल्या. पेट्रोलची आग विझवायला पाणी चालत नाही, रेती लागते, एवढं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं.

हे सगळं वाडीने पाहिलं. वाडी आंधळी नाही.

आणि वाडीने दोन अधिक दोन केले. माणसाचे हप्ते थकलेत. माणूस अचानक म्हाताऱ्यांना भेटी देतोय. म्हातारीची शेगडी सरकवायला निघालाय, म्हणजे खोलीची मापं घेतोय. बिल्डरच्या वॉचमनशी कुजबुजतोय. आणि आता रेतीसुद्धा येऊन पडली! गिरगावात याच्यापुढे बोलायची गरज नसते. हर्षवर्धन मुणगेकर बिल्डरला फितूर झाला. "पन्नास वर्षांची भाडेकरीण मी," कमळाबाई जिन्यात सांगत होत्या, "आणि हो मेलो माका इलेक्ट्रिकच्या दिव्यावर घराभायर काढूक बघता!"

नानांनी शुक्रवारी संध्याकाळी अंगणात सभा लावली. नाना महापालिकेतून निवृत्त झाले असले तरी महापालिका त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. खुर्ची, टेबल, टेबलावर झाकलेला पाण्याचा पेला. मागे गाडी. मुणगेकरांना गाडीला टेकून उभं राहायला सांगण्यात आलं, तेव्हा ते दोन पावलं पुढे सरकून उभे राहिले, आणि हेही कोणाच्या नजरेतून सुटलं नाही.

"मुणगेकर," नाना म्हणाले, "सभेपुढे साधा प्रश्न आहे. ही रेती कशाला?"

मुणगेकरांनी बादल्यांवरच्या चादरीकडे पाहिलं.

"गाडी कंपनीने परत बोलावली, हे खरं की खोटं?"

"खरं. पण हप्त्यांसाठी नाही."

"मग कशासाठी?"

खरं सांगावं तर जागा गेली, न सांगावं तर अब्रू गेली. हप्ते थकलेला म्हणा, चालेल. कंजूष म्हणा, तेही चालेल, नवीन नाही. पण ज्या वाडीत आपला बाप वारला त्या वाडीला विकणारा? "नाना, माझ्यावर इतका संशय?" ते म्हणाले, आणि हे वाक्य आपल्या तोंडी किती विचित्र वाटतं याची त्यांना कल्पना नसावी. रश्मीवहिनी वर गॅलरीत कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"संशय नाही, खुलासा मागतोय," राजेश म्हणाला. "समई कशाला दिलीस काकूंना? शेगडी कशाला हलवायची होती? बोल ना, बॉस."

एवढ्यात तिन्हीसांजा झाल्या. कमळाबाई सभेतून रागारागाने उठल्या. विजेची समई त्यांनी कधीच कपाटावर फेकली होती. तिन्हीसांजेला धूप फिरवायचा त्यांचा नेम, आणि आज तर वाडीवर संकट. धुपाटण्यात रसरशीत निखारे घालून, वर धूप टाकून त्या बाहेर आल्या. विहिरीला ओवाळलं, नानांच्या टेबलाला ओवाळलं आणि मुणगेकरांकडे जळजळीत कटाक्ष टाकून त्या गाडीच्या मागच्या बाजूला, आपल्या खिडकीकडे वळल्या. फुंकर मारली. एक ठिणगी उडाली.

"काकू, मागे व्हा!" मुणगेकर असे ओरडले की वरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. "टाकी गळतेय! पेटेल सगळं! मागे व्हा हो, काकू!"

आणि त्यांनी धावत जाऊन ते धुपाटणं हातातून हिसकावलं, रेतीच्या बादलीत उलटं खुपसलं आणि तिथेच मटकन खाली बसले. हात चांगलाच पोळला होता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते हातामुळे नव्हे.

मग बसल्या बसल्या मुणगेकरांनी सगळं सांगितलं. चीर, झिरपणं, एक रात्र, शनिवार, आनंदा. सहीचं मात्र सांगितलं नाही. माणसाने किती म्हणून सांगायचं?

"म्हणजे आपण बॉम्बपुढे सभा घेतली?" नाना एवढंच म्हणाले आणि टेबल सोडून जिन्यापर्यंत मागे गेले. कमळाबाईंनी पोळलेला हात बघितला, गाडी बघितली, खिडकी बघितली. "मग माका कित्याक नाय सांगलंस रे?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून मुणगेकरांना ते जास्त लागलं. त्यांनी मान खाली घातली.

गाडी चालू करायची नाही, म्हणून वाडीने ती ढकलत रस्त्यावर नेली. सगळ्यात पुढे खांदा लावला तो राजेशने, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या मुणगेकरांच्या मनात तशाही अवस्थेत आलंच, की ह्याला एवढी घाई कसली? टो-व्हॅन आली. गाडी पुढची दोन चाकं वर करून परळच्या दिशेने गेली. मुणगेकर वर गॅलरीत आले आणि खाली पाहिलं. जागा रिकामी होती. तेलाचा एक काळा डाग आणि सुकलेली झेंडूची पाकळी. राजेश मोबाइलवर बोलत तिथे येरझाऱ्या घालत होता. मुणगेकर आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. रश्मीवहिनींनी हाताला मलम लावलं तरी वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंगणाकडे न बघताच ते परळला गेले. गाडी मिळाली. नवा पंप, नवं झाकण, वास गेलेला. मेघनाने हसून चावी दिली. मुणगेकरांनी आभार मानले, पण मन लागेना. लालबागवरून येताना ते ठरवत होते, की राजेशशी नीट बोलायचं, त्याचं अभिनंदन करायचं, पे-पार्किंगचं कसं काय असतं ते त्यालाच विचारायचं. माणसाने हरावं तर ताठ मानेने. भायखळ्यापर्यंत हे भाषण तयार झालं होतं आणि चर्नी रोडपर्यंत त्यांना स्वतःचं कौतुकही वाटू लागलं होतं.

वाडीच्या तोंडाशी राजेशची उंच गाडी तोंड आत आणि शेपूट रस्त्यावर अशी अडकून उभी होती. आत अंगणात राजेश आणि नाना हातवारे करत होते. आणि त्या जागेच्या बरोब्बर मधोमध खाट टाकून कमळाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. काल रात्री त्या तिथेच झोपल्या होत्या म्हणे.

"कमळाबाई, नियमाप्रमाणे..." नाना म्हणत होते.

"नियम गाडयांचो ना? मी काय गाडी आसंय? माज्या खिडकीभायर मी बसलंय. उठवून दाखवा."

मुणगेकरांचा विश्वास बसेना. त्यांच्यासाठी जागा धरून बसली होती ही बाई, काल ज्यांनी तिला जवळजवळ जाळलं होतं त्यांच्यासाठी! ते खाटेजवळ गेले, घसा खाकरला. उपकार मानावेत की माफी मागावी ते कळेना, म्हणून सवयीने जे तोंडात आलं ते बाहेर पडलं. "काकू, पण का?"

"का म्हणजे? त्याची गाडी बघ केवढी ताडमाड. ती लागली तर माझ्या खिडकीत दिवसाढवळ्या काळोख. तुझी बुटकी आहे, निदान वरून थोडा उजेड येतो."

मुणगेकरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. बाईचा स्वार्थ होता! हे त्यांना समजण्यासारखं होतं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे माझ्या गाडीनेही उजेड अडतो?"

"अर्धा. लावलीस त्या दिवसापासून."

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी?"

कमळाबाईंनी ताटातला खडा वेचून लांब फेकला. "तुला सांगून काय होणार होतं रे हर्षा? 'ह्या म्हातारीचा ह्यात काय डाव असेल?' म्हणून तू महिनाभर माझ्याच खिडकीकडे बघत बसला असतास."

नाना हसले नाहीत. राजेशही हसला नाही. त्यांनी हसायला हवं होतं, असं मुणगेकरांना फार वाटलं. वाडीतल्या किती जणांनी आपल्याला काय काय सांगायचं टाळलं असेल, या विचाराने त्यांचे कान तापले. ते गाडीत जाऊन बसले. राजेशने आपली गाडी कुरकुरत मागे घेतली. कमळाबाईंची खाट दोघांनी उचलून आत ठेवली.

मुणगेकरांनी गाडी अंगणात घेतली आणि नेहमीच्या जागी उभी केली. मग आरशात खिडकी बघितली, पुन्हा गाडी चालू केली आणि खिडकी पुरती मोकळी व्हावी म्हणून तिला पलीकडे, विहिरीच्या कठड्याला अगदी चिकटवून घ्यायला लागले. आणखी थोडी, आणखी थोडी. "पुरे, पुरे!" रश्मीवहिनी वरून ओरडल्या, तोपर्यंत कर्रर्र आवाज झाला होता. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत लांबच लांब ओरखडा उठला. मुणगेकर खाली उतरले, वाकले, बोट फिरवून त्यांनी तो नीट तपासला, आणि हा कोणी काढला असेल याबद्दल त्यांच्या मनात आयुष्यात पहिल्यांदाच काही संशय नव्हता.